ताप कोणत्या गावचा?

मे महिना संपत आला की भंडारदऱ्याच्या रस्त्याला शनिवारी दुपारपासून गाड्यांची रांग लागते. मुंबई-ठाण्याची मंडळी घोटीवरून येतात, पुण्याची संगमनेर-अकोले-राजूर करत येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखू लागलेले असतात आणि ते पाहायला पावसाआधीचे दोन-तीन आठवडेच मिळतात. धरणाच्या पाण्याकडेने तंबूंच्या ओळी उभ्या राहतात. संध्याकाळी चहा-भजी, रात्री कोळशावर भाजलेली कोंबडी, तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा आणि सकाळी पोहे किंवा अंडाभुर्जी असा बहुतेक ठिकाणचा बेत. रविवारी दुपारी गाड्या परत फिरतात आणि सोमवारी शेंडीचा बाजार पुन्हा आपल्या संथ चालीवर येतो.

आता अशी कल्पना करा. या गर्दीतल्या एका तरुणाला सोमवारी पहाटे ठाण्यात घरी पोटात मुरडा येऊन जुलाब सुरू होतात, थंडी वाजून ताप चढतो. तिकडे चिंचवडच्या एका आठ वर्षांच्या मुलीला त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी ताप येऊ लागतो. तो रोज संध्याकाळी थोडा जास्त चढतो, जेवण जात नाही, डोके दुखते. पहिल्याच्या घरचे म्हणतात, बाहेरचे खाल्ले, बाधले. दुसरीच्या घरी भंडारदऱ्याची आठवणही कोणाला नसते, कारण त्या सहलीला दोन आठवडे उलटून गेलेले असतात. दोघेही आपापल्या डॉक्टरांकडे जातात आणि बरे होतात. भंडारदऱ्यात मात्र काहीच घडलेले नसते. तिथल्या आरोग्य केंद्राच्या वहीत या दोघांचे नाव येणार नाही. येण्याची सोयच नाही.

हे दोन आजार चुलत भावंडांसारखे आहेत. दोन्हींच्या मुळाशी साल्मोनेला हा जिवाणू. 1885 मध्ये अमेरिकेत डॅनियल सॅल्मन या पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी डुकरांमध्ये तो शोधला आणि नाव मात्र साहेबांचे लागले. आज या कुळात 2500 हून अधिक प्रकार मोजलेले आहेत. त्यातले बहुतेक कोंबड्या, गुरे, डुकरे, पाली, कासवे अशा प्राण्यांच्या आतड्यात राहतात आणि अन्नातून माणसात आले की 6 ते 72 तासांत जुलाब-उलट्या घडवतात. ठाण्याच्या तरुणाला झाले ते हे. दुसरा गट लहान, पण जास्त घातक. साल्मोनेला टायफी आणि पॅराटायफी. टायफी तर माणूस सोडून दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात नांदत नाही. तो माणसाच्या विष्ठेतून पाण्यात किंवा हाताला आणि तिथून दुसऱ्या माणसाच्या तोंडात जातो. मग आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो आणि साधारण एक ते दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, ताप आणतो. हाच विषमज्वर, म्हणजे टायफॉइड. उपचार लांबले तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगात सुमारे 90 लाख लोकांना टायफॉइड झाला आणि 1 लाख 10 हजार लोक त्याने दगावले. त्यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा.

एका आजाराला काही तास लागतात, दुसऱ्याला काही आठवडे. आणि पर्यटनाच्या गावी पाहुणा असतो एका रात्रीपुरता. म्हणजे आजार एका जिल्ह्यात लागतो आणि दिसतो दुसऱ्याच जिल्ह्यात. साथरोग सर्वेक्षणाची सगळी मेख या अंतरात आहे.

हे अंतर पहिल्यांदा ज्याने नीट ओळखले तो एक खेडेगावचा डॉक्टर होता. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात नॉर्थ टॉटन नावाचे गाव आहे. 1839 साली तिथे विषमज्वराची साथ आली आणि विल्यम बड या तरुण डॉक्टरकडे काही महिन्यांत 80 हून जास्त रुग्ण आले. त्या काळी बहुतेक जाणकारांचे मत होते की हा ताप घाणीच्या दुर्गंधीतून आपोआप उपजतो. बड त्याच गावात वाढलेला. कोण कोणाच्या घरी जातो, कोणाचा शौचकूप कोणाच्या विहिरीजवळ आहे, हे त्याला पाठ होते. घाण तर वर्षानुवर्षे होतीच, मग ताप याच वर्षी का, असा त्याचा साधा प्रश्न होता. साथ चालू असताना गावातले तीन जण आजार अंगात घेऊन दुसरीकडे गेले. बडने त्यांचा माग काढला आणि त्या तिघांनीही जिथे मुक्काम केला तिथे ताप पसरल्याचे त्याला आढळले. जंतू अजून कोणी पाहिलेही नव्हते. तो दिसायला 1880 साल उजाडावे लागले. बडने केवळ माणसांच्या येण्याजाण्यावरून रुग्णाच्या विष्ठेतून आजार पसरतो हे मांडले. त्याचे पुस्तक 1873 मध्ये आले.

भंडारदऱ्यात बडचे काम कोणी करायचे? माणसे ओळखणारी व्यक्ती तिथे आहे. प्रत्येक पाड्यावरच्या घरांची, गरोदर बायकांची, तापलेल्या मुलांची माहिती असलेली आशाताई. पण तिच्या यादीत गावची माणसे आहेत. तंबूतला पाहुणा कोणाच्याच यादीत नाही.

पाहुण्यांचे राहू द्या, आधी गावचे पाहू. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. आता त्याला शंभर वर्षे होत आली. कळसूबाई आणि रतनगडाच्या कुशीत, घाटघर-रतनवाडीच्या धुवाधार पावसाने ते भरते आणि खालच्या तालुक्यांतला ऊस भिजवते. वरच्या महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांवर मात्र एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट तुडवतात. धरण उशाला, कोरड घशाला हे इथे नुसते बोलण्यापुरते नाही. विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो, झऱ्याचे डबके वाटीने भरून घ्यावे लागते, जनावरेही तिथेच येतात. नेमक्या याच दिवसांत काजव्यांचे पर्यटन ऐन भरात असते आणि प्रत्येक तंबूवाल्याला आंघोळीपासून पिण्यापर्यंत पाणी पुरवायचे असते. पाणी सर्वांत कमी आणि माणसे सर्वांत जास्त, असा हा पंधरवडा.

मग पहिला मोठा पाऊस येतो. डोंगरउतारावरचे, झाडाझुडपांमागचे, गोठ्याकडेचे सगळे धुऊन खाली आणतो आणि विहिरीत-झऱ्यात सोडतो. शौचालये झाली हे चांगलेच झाले, पण शोषखड्डा पाण्याच्या स्रोताच्या वरच्या अंगाला खणला असेल तर फायद्याइतकाच तोटा. विहिरीपासून शोषखड्डा किमान 15 मीटर दूर असावा असा पाठ्यपुस्तकातला नियम आहे. पण सह्याद्रीच्या भेगाळ कातळात पाणी कोणत्या फटीतून कुठे उतरेल याचा नेम नसतो. म्हणून अंतराइतकीच उताराची दिशाही पाहायला हवी. तंबू आणि लहान रिसॉर्ट उभे करताना दृश्य कुठून चांगले दिसते हे पाहिले जाते. खालच्या अंगाला कोणाचा झरा आहे, हे विचारणारे थोडे.

महाराष्ट्राने यासाठी एक चांगली पद्धत फार पूर्वीपासून बसवलेली आहे, तिचे श्रेय द्यायला हवे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, म्हणजे साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, ग्रामपंचायतीच्या सगळ्या पाणी स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, सांडपाणी साचते का, गळती आहे का, क्लोरिन पावडर साठ्यात आहे का, असे पाहून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकले आणि पाण्यामुळे साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकतो आणि अर्ध्या तासाने ओटी चाचणी करतो. चाचणीच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले की क्लोरिन असेल तर पाणी पिवळे होते. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले असावे, एवढे साधे गणित. हे थेंब आणि ही पावडर यांनी जितके टायफॉइड थांबवले असतील तितके कोणत्याही प्रतिजैविकाने थांबवले नसतील.

पण पद्धत जितकी चांगली तितकी ती रोजच्या हातावर अवलंबून. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, उन्हात पडले की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. वहीत ‘टीसीएल टाकले’ अशी नोंद रोज असते, पण पाण्यात क्लोरिन नसतो. शिवाय सर्वेक्षण होते ते सार्वजनिक स्रोतांचे. रिसॉर्टची खासगी विंधन विहीर, टँकरने भरलेली सिमेंटची टाकी, तंबूशेजारचा निळा ड्रम यांना कोणतेच कार्ड नसते. पाहुणा पितो ते पाणी बहुधा यातलेच. ज्यांना बाटलीबंद पाणी परवडते तेही त्याच ड्रममधल्या पाण्याने धुतलेली कोथिंबीर आणि कांदा खातात.

आता ताप आलेल्या मुलाकडे वळू. केंद्र सरकारचा एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची रचना तीन पायऱ्यांची. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते, तो एस फॉर्म. डॉक्टर तपासून संभाव्य निदान लिहितात, तो पी. प्रयोगशाळेत सिद्ध झाले तर एल. 5 एप्रिल 2021 पासून हे सगळे कागद सोडून संगणकावर आले. आता आजारांची यादी 18 वरून 33 वर गेली आहे आणि नोंद त्याच दिवशी वरपर्यंत दिसू शकते. पाड्यावरचा टायफॉइड पहिल्या पायरीवर ‘सात दिवसांपेक्षा जास्त ताप’ या रकान्यात जाऊन बसतो. त्याच रकान्यात मलेरिया असतो, स्क्रब टायफस असतो, क्षयही असू शकतो. तिथून तो वरच्या पायरीवर चढला तरच त्याला नाव मिळते.

आणि इथेच आपली साखळी सर्वांत कच्ची आहे. गावात, तालुक्यात आणि खरे तर मोठ्या शहरांतही टायफॉइडचे निदान होते ते विडाल चाचणीवर. फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरने ती 1896 मध्ये आणली, म्हणजे ती विल्सन धरणापेक्षाही जुनी. रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण ती सांगते. पण प्रतिपिंडे पूर्वी कधी होऊन गेलेल्या टायफॉइडचीही असतात, आणि मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही आकडा वर जाऊ शकतो. खरा अर्थ लावायचा तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ पाहायला हवी. तापलेले मूल घेऊन आलेल्या बापाला दहा दिवसांनी पुन्हा या, असे कोण सांगणार? मग एकाच नमुन्यावर ‘1:160, पॉझिटिव्ह’ असा कागद हातात पडतो आणि सलाइन लागते. याचा दोष एकट्या डॉक्टरला देता येत नाही; तासाभरात आणि थोड्या पैशांत उत्तर देणारी दुसरी चाचणी त्याच्यापाशी नसते. पण परिणाम असा होतो की नसलेले टायफॉइड मोजले जातात आणि असलेले निसटतात. अशा आकड्यांवर कोणत्या गावाची पाइपलाइन आधी दुरुस्त करायची हे ठरवणे म्हणजे अंधारात काठी मारणे.

खात्रीची चाचणी आहे रक्तसंवर्धन, म्हणजे ब्लड कल्चर. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून जंतू वाढू द्यायचे. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, म्हणून मोठ्या माणसाचे 8 ते 10 मिलिलिटर रक्त लागते, लहान मुलाचे त्यामानाने कमी. प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी ते घ्यायचे आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. एवढे करूनही शंभरातल्या साठेक रुग्णांतच जंतू सापडतो. तरीही ती हवी, कारण जंतू हाती लागला तरच त्यावर कोणते औषध चालते हे कळते. हा प्रश्न आता पुस्तकी उरलेला नाही. एकेकाळी हमखास गुण देणारे सिप्रोफ्लॉक्सासिन भारतातल्या टायफॉइडवर जवळपास निकामी झाले आहे. सेफ्ट्रियाक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन यांच्यावर सगळी भिस्त आहे. 2016 च्या अखेरीस पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड उसळला. अलीकडे आपल्या शेजारच्या गुजरातमधूनही सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारे जंतू सापडल्याचे अहवाल आले आहेत. असा जंतू एखाद्या पाड्यावर आला, तर विडालच्या कागदावर तो नेहमीसारखाच दिसेल.

रक्तसंवर्धनाच्या आधारे देशात नीट मोजणी झाली ती 2017 ते 2020 या काळात. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुण्याजवळचा वढू परिसर अशा चार ठिकाणी मिळून सुमारे 24 हजार मुलांवर दर आठवड्याला लक्ष ठेवले गेले. ताप आला की कल्चर. शिवाय काही लहान रुग्णालयांतूनही मोजणी झाली आणि त्यात नंदुरबार जिल्ह्यातले, आदिवासी भागातले चिंचपाड्याचे रुग्णालय होते. निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. शहरी भागांत दरवर्षी 1 लाख मुलांमागे 576 ते 1173 टायफॉइड, आणि पुण्याच्या ग्रामीण भागात अवघे 35. एकाच देशात वीस-तीस पटींचा फरक. खेड्यात टायफॉइड नसतोच, असा सोपा अर्थ यातून काढता येईल, पण तो काढू नये. वढू परिसर पुण्याच्या सावलीतला, रस्ते-दवाखाने असलेला. त्याच्या आकड्यावरून घाटघरचा अंदाज बांधता येत नाही. यातून घेण्यासारखे आहे ते इतकेच की अंदाज आणि मोजणी यांत केवढी दरी असू शकते. आणि चिंचपाड्यासारख्या ठिकाणी कल्चर करता येते, तर ते अकोले तालुक्यातही अशक्य नाही. प्रत्येक प्राथमिक केंद्रात प्रयोगशाळा नको. तालुक्यात एका ठिकाणी बाटल्या असाव्यात, त्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणारी गाडी असावी, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त ताप असलेल्या मुलाचे रक्त औषधाआधी घेण्याचा दंडक असावा.

मोजणीतून काय साधते याचे उदाहरण नवी मुंबईत आहे. मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण असलेली ही महापालिका. पाणी आपल्याकडच्या शहरांच्या मानाने चांगले, तरी टायफॉइड होताच. 2018 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पालिकेने आपल्या निम्म्या आरोग्य केंद्रांच्या हद्दीत 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस मोफत दिली. 1 लाख 13 हजारांहून अधिक मुलांनी ती घेतली. सरकारी यंत्रणेने या लसीची अशी मोहीम हाती घेण्याची ही जगातली पहिलीच वेळ. उरलेल्या निम्म्या भागाशी तुलना करून, तापाच्या मुलांचे कल्चर करून पाहिले तेव्हा लस घेतलेल्या मुलांत टायफॉइड सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळला. ही लस हैदराबादच्या कारखान्यात तयार होते, एकच डोस लागतो, सहा महिन्यांच्या बाळापासून देता येतो. शहरात बालरोगतज्ज्ञांकडे ती पैसे मोजून मिळते. पाड्यावरच्या मुलाला कोण देणार, हा प्रश्न उरतोच. जिथे पाइपलाइन पोहोचायला अजून वर्षे लागतील, तिथे ही लस आधी पोहोचायला हवी. मात्र तिचा भरवसा टायफॉइडपुरता. पॅराटायफॉइडवर ती चालत नाही आणि ठाण्याच्या त्या तरुणाला जुलाबापासूनही तिने वाचवले नसते.

त्याला वाचवायचे तर जावे लागेल तंबूमागच्या स्वयंपाकात. कोंबडी दुपारी कापून मसाला लावून ठेवलेली असते, बर्फ असला तर असतो. मेच्या उन्हात साल्मोनेला साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दुपारी एकला एक जंतू असेल तर संध्याकाळी सातला 2 लाख 62 हजार. कोळशावर बाहेरून काळी झालेली तंगडी हाडाजवळ गुलाबी राहते. शिवाय ज्या पाटावर कच्ची कोंबडी कापली त्याच पाटावर काकडी-कांदा. भुर्जी आणि रस्सा हे आपले पदार्थ त्या मानाने सुरक्षित, कारण ते चांगले शिजतात. धोका आणला तो बाहेरून आलेल्या आवडींनी. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे विषबाधा झाल्यावर केरळने 2023 मध्ये, तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये त्यावर बंदी घातली.

अंड्यांच्या बाबतीत इंग्लंडचा धडा मोठा आहे. तिथे 1980 च्या दशकात साल्मोनेलाच्या नोंदी झपाट्याने वाढल्या. प्रयोगशाळांनी प्रत्येक रुग्णातल्या जंतूचा उपप्रकार तपासला होता म्हणून एकच उपप्रकार वाढतोय आणि तो अंड्यांतून येतोय हे दिसले. डिसेंबर 1988 मध्ये आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी हे जाहीरपणे बोलून दाखवले. अंड्यांचा खप कोसळला, शेतकरी खवळले आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्या थोडे जास्तच बोलून गेल्या होत्या हे खरे. पण पुढच्या दशकात तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनीच कोंबड्यांना लस टोचली, अंड्यांवर शिक्का आणला, आणि 2017 मध्ये तिथल्या अन्न संस्थेने गरोदर बायकांनाही अशी शिक्क्याची अर्धकच्ची अंडी चालतील असे सांगितले. आपल्याकडे अंड्यावर असा भरवसा ठेवायचे कारण नाही. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे.

करीबाईंची गोष्ट भंडारदऱ्याला लागू पडते ती वेगळ्या कारणाने. वर्षातले पाच-सहा आठवडे काजव्यांचे आणि पुढे पावसाळ्यातल्या धबधब्यांचे. त्यावर कित्येक घरांचा वर्षाचा खर्च चालतो. भाताच्या चार खाचरांवर न भागणाऱ्या पोरांनी कर्ज काढून तंबू घेतले आहेत. ‘भंडारदऱ्यात जुलाबाची साथ’ अशी एक बातमी आली तर त्यांचा हंगाम बुडतो. त्यामुळे चार पाहुण्यांना त्रास झाल्याचा फोन आला तरी तो दडपून टाकण्याकडे कल असणार, आणि त्याला लबाडी म्हणणे सोपे असले तरी योग्य नाही. नोंद केल्याने दंड होण्याऐवजी मदत मिळते, हे त्यांना दिसले पाहिजे. टाकीचे पाणी तपासून मिळाले, टीसीएल मिळाले, आचाऱ्याची तपासणी गावातच झाली, तर तो तंबूवाला स्वतः फोन करेल. अन्न सुरक्षा नियमांत अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे. टायफॉइड झालेल्या शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात जंतू ठाण मांडून बसतो. माणूस ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून जंतू जात राहतात. असा कोणी आचारी असला तर त्यालाही ते माहीत नसते. संडासानंतर आणि कणीक मळण्याआधी साबणाने हात धुणे हा त्यावरचा रोजचा उपाय, आणि त्यासाठी स्वयंपाकाजवळ वाहते पाणी व साबण लागतो. कित्येक तंबूंवर आरसा असतो, दिव्यांच्या माळा असतात, एवढे मात्र नसते.

राहिला तो पाहुणा. त्याच्या डॉक्टरने एकच प्रश्न विचारायचा आहे, गेल्या तीन आठवड्यांत बाहेरगावी कुठे गेला होता? उत्तर केसपेपरवर लिहायचे आणि टायफॉइड सिद्ध झाला तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवताना त्या गावाचे नावही कळवायचे. नवी संगणक प्रणाली सगळ्या जिल्ह्यांना एकाच पडद्यावर आणते. ठाणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन नोंदींत ‘भंडारदरा’ हा शब्द असेल, तर तिसरी येण्याआधी अहिल्यानगरमधल्या कोणाच्या तरी लक्षात येऊ शकते. डॉक्टरने विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे, तारखेसह. सोबत किती जण होते, आणखी कोणाला त्रास झाला, हेही. साध्या जुलाबात बहुतेकांना प्रतिजैविक लागत नाही. जलसंजीवनी, पेज, ताक यांवर चार-पाच दिवसांत आराम पडतो. तान्ही बाळे, म्हातारी माणसे, कर्करोगाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि आम्लपित्ताच्या गोळ्या कायम घेणारे यांनी मात्र थांबू नये. जठरातले आम्ल हे साल्मोनेलाला अडवणारे पहिले फाटक आणि त्या गोळ्या तेच उघडे ठेवतात. ताप तीन दिवसांपुढे गेला तर उरलेली जुनी गोळी घेऊ नये, आधी कल्चरसाठी रक्त द्यावे.

सहलीला निघताना पाण्याचे विचाराल तर उकळलेले सर्वांत खात्रीचे. भंडारदरा उंचावर असला तरी पाण्याला खळाळून उकळी फुटली की साल्मोनेला उरत नाही, वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर विचारावे की पाणी कुठले आणि त्यात क्लोरिन कधी टाकला. पाच-सात पाहुण्यांनी विचारले की तंबूवाला ग्रामपंचायतीतून ओटीची बाटली मागून आणतो. ती तिथे असतेच, जलसुरक्षकाच्या कपाटात.